हाकेचं पाणी

जळगावात गफूरभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे आमची गाणी भरायची खोली. खोलीच्या भिंतींना त्यांनी जुन्या गाद्या बांधल्या होत्या, खिडकीला गोणपाट. गाणं सुरू करायचं म्हटलं की पंखा बंद. पंख्याची घरघर टेपात येते म्हणायचे. भर उन्हाळ्यात तिथे बसून प्रेमाची गाणी म्हणायची म्हणजे लुगडं पाठीला चिकटून जाई. मधोमध एकच माइक. मी आणि रुपचंद त्याच्या दोन बाजूंना मांडी घालून बसायचो, आणि माझे मालक अभिमन ढोलकी घेऊन लांब दाराशी. ढोलकी जवळ आली की आमचे आवाज बुडत.

रुपचंद धरणगावचा शिंपी. आम्ही पारोळ्याकडचे, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. लग्नाकार्यात गाता गाता जोडी जमली आणि गफूरभाईंनी तिची कॅसेट केली. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला धुळ्याच्या स्टँडपासून यावलच्या बाजारापर्यंत प्रत्येक काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आमचाच आवाज होता. लोकांना वाटे, आम्ही नवराबायको. जामनेरच्या बाजारात एका बाईनं अभिमनलाच विचारलं होतं, "ढोलकीवाला भाऊ, ह्या दोन्हीस्ले पोरे कितला शेतस?"

अभिमन म्हणाले, "तीन शेतस. तिन्ही माले बाप म्हणतस."

रुपचंद त्यावर आठ दिवस हसत होता.

आमच्या गाण्यांची एक खूण होती. प्रत्येक कडवं मी हाकेनं उचलायची, "रुपचंद रेऽ", आणि तो उत्तर द्यायचा, "काय म्हणस व?" मी त्याचं नाव घ्यायची, पण त्यानं कधी कुणाचं घेतलं नाही. माझं घेणार नाही, कारण एरवी तो मला वैनी म्हणे. आणि बायकोचं, लताबाईचं, लाजेनं घेत नसे. लोक चिडवायचे. शेवटी त्यानं एक गाणं रचलं, आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं. मी तीनदा हाक मारायची, त्यानं दोनदा उत्तर द्यायचं आणि तिसऱ्यांदा नाव घ्यायचं.

"कोणाचं घेशील?" मी विचारलं.

"शेवटला कडवामा कळी वैनी," तो म्हणाला. "तठलोंग धीर धरा."

गाणं भरायच्या दिवशी त्याचा आवाज बसला होता. लग्नसराईत रोज गाणं झालेलं. गफूरभाई म्हणाले, तानुबाईंचं, म्हणजे माझं, आज भरून घेऊ, रुपचंदच्या जागा मोकळ्या ठेवू, तो मागून येऊन म्हणेल. तसं केलं. माझी हाक, मग नुसती ढोलकी आणि पेटी. माझी हाक, मग ढोलकी आणि पेटी.

त्याच आठवड्यात रुपचंद आपल्या जागा भरायला जीपनं निघाला. रेल्वेचं फाटक बंद होतं. उन्हात जीप उभी, आत माणसं कोंबलेली. शेजारी बसलेल्यानं नंतर सांगितलं, तो पाणी मागत होता, कुणाकडेच नव्हतं. फाटक उघडलं तेव्हा त्याची मान त्या माणसाच्या खांद्यावर होती. झोप लागली असं त्याला वाटलं.

ते साल एक्क्याण्णव.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात गफूरभाईंनी आमच्या निवडक गाण्यांची कॅसेट काढायचं ठरवलं. कव्हरवर आम्हा दोघांचा फोटो, खाली नावं. तोवर मी साक्षरता वर्गात जायला लागले होते, त्यामुळे ते कव्हर मीच अक्षर अक्षर जुळवून अभिमनना वाचून दाखवलं. दुसऱ्या बाजूला शेवटी थोडी जागा उरत होती. गफूरभाई म्हणाले, ते अर्धं गाणं तसंच टाकू. मोकळ्या जागांसकट. मला ते पटेना. पण लताबाईला विचारलं तर ती म्हणाली, "ठेवा. त्यास्नी जागा शे ती."

आखाजीला आमच्याकडे मेलेल्या माणसाची घागर भरतात. नवी घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, पुढे पुरणपोळी आणि आमरसाचं पान. भर दुपारी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आणि टाकताना मेलेल्याला नावानं हाक मारायची. तो येतो, पाणी पितो, जातो. हे काम घरातल्या पुरुषाचं. आदल्या वर्षी रुपचंदच्या भावानं केलं होतं. यंदा तो सुरतेला मिलमध्ये होता, त्याला सुटी मिळाली नाही. लताबाईला मूल नाही. मी आणि अभिमन मुद्दाम धरणगावला गेलो. वाटलं, अभिमन हाक मारतील.

पोहोचलो तेव्हा आगारी सुरू झाली होती. लताबाई चुलीपुढे एकटीच बसली होती. शेजारचे चुडामण नाना दाराशी काठी टेकून उभे.

नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं कसं घ्यायचं? तिनं टेप लावला होता.

"रुपचंद रेऽ," माझा आवाज टेपातून आला. लताबाईनं तूप टाकलं. निखारा फुलला.

"रुपचंद रेऽ." पुन्हा तूप.

तिसऱ्यांदा. मग ढोलकी, पेटी. आणि त्या ढोलकीच्या मागे कुणीतरी घसा साफ केला.

मी अभिमनकडे पाहिलं. ते म्हणाले, "पेटीना भाता शे."

पेटीचा भाता मी वीस वेळा ऐकला होता. गाणं संपल्यावर चुडामण नाना लताबाईला म्हणाले, "पोरी, हाक मारी का पानी देनं पडस. वरीसमा एकदाव. हाई यंत्र तं रोज हाक मारी. गावोगाव मारी. इतलं पानी कोन दी त्याले?"

 लताबाई टेपाकडे बघत होती.

कॅसेट धडाक्यात खपली. मला आनंद झाला, तो मी नाकारत नाही. पण जून लागला तसं मी धुळ्याला लेकीकडे जात होते, पारोळ्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीत आमची कॅसेट चालू होती. ते गाणं आलं. "रुपचंद रेऽ." ढोलकी. आणि ढोलकीवर, बसलेल्या घोगऱ्या आवाजात, "काय म्हणस व?"

चहा हातातच राहिला. टपरीवाला म्हणाला, "अक्का, काय गाणं भरेल शे! पहिले हाई जागा रिकामी वाटे. आते चांगलं वाटस."

मी धुळ्याला गेलेच नाही; उलट्या दिशेची गाडी पकडून जळगाव गाठलं. गफूरभाईंनी मूळ टेप लावला. तिथेही होतं. ते कान पकडून म्हणाले, "तानुबाई, अल्ला कसम, मी हात लावला नाही. कपाटाची किल्ली जुबेदाच्या पदराला असते, विचारा." त्यांची बायको आतून म्हणाली, "मी तर कपाट उघडायलाच घाबरते. आत कोणी सारखं गिळतंय असं वाटतं. थुंकी गिळतात तसं."

मी हिशेबी बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी मी पोरांना झोपवायला सांगितल्या, स्वतः कधी मानल्या नाहीत. म्हटलं, असेल जुना टेप, त्यावर आधीचं काही राहिलं असेल. मग दुसऱ्या हाकेलाही उत्तर आलं. जीपवाले सांगू लागले, बाजारातल्या बायका सांगू लागल्या. सगळ्यांना वाटे, गफूरभाईंनी नवी आवृत्ती काढली. उरली फक्त तिसरी जागा.

धरणगावहून निरोप आला, लताबाई जेवत नाही.

गेले. ती टेपाजवळ भिंतीला टेकून बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं. कपाळाला कुंकू लावलेलं. चुलीत राख थंड. आखाजीची घागर अजून तिथेच, तळ कोरडा.

"लता, हे काय?"

"बसा अक्का. ऐका."

तिनं गाणं लावलं. तिसरी हाक. ढोलकी, पेटी. त्या जागेत आता श्वास होता. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, छाती भरून. तेवढ्यात गाणं संपलं.

"काल इतला नव्हता," ती म्हणाली. "रोज वाढी राहिना. तो मनं नाव लई. जलमभर ली नही, आते लई. ली का मी ओ दिसू आनि निंघसू."

"कुठे निघशील?"

ती हसली. ओठ फाटले होते. "तुम्ही त्यास्ना संगे इतला वरीस गायात अक्का. एक नाव तरी मना वाट्याले येऊ द्या."

 ती चुकीचं बोलत नव्हती. पण तिचं मनगट माझ्या हातात होतं, वाळल्या काटकीसारखं. मी तिला घोटभर ताक पाजलं, ते तिनं पदरात ओकून टाकलं.

येताना गाडीत मी ठरवलं. हाक माझी होती. लताबाईनं टेप लावला, गफूरभाईंनी कॅसेट काढली, पण गावोगाव त्याला जे बोलवत होतं तो माझा गळा. पाणी देणंही माझ्याकडे आणि त्याला वाटेला लावणंही माझ्याकडे. घरी येऊन अभिमनना म्हटलं, "उद्या ढोलकी घ्या."

"कसाले?"

"रुपचंदचं गाणं पुरं करायचंय."

 संध्याकाळी ढोलकीला शाई लावत बसलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या खोलीत बसलो. मी नवी घागर नेली होती, काठोकाठ भरून. रुपचंद बसायचा तिथे ठेवली, माइकच्या पलीकडे. गफूरभाईंनी पंखा बंद केला. मूळ टेप लावला आणि म्हणाले, "तिसऱ्या जागेला मी बोट वर करीन."

टेप फिरू लागला. माझी हाक, त्याचं उत्तर. माझी हाक, त्याचं उत्तर. तिसरी हाक. गफूरभाईंचं बोट वर गेलं.

मी जे म्हटलं ते रचलेलं नव्हतं. चाल तेवढी त्याची घेतली.

पानी पी, रुपचंदा, पानी पी. लताले घर राहू दे. नाव लेनं व्हई ते तिनं लेऊ नको. जी हाक मारस, तिनं ले. लताचं नाही, माझं नाव घे, असं मी त्याला सांगत होते.

अभिमनचा हात ढोलकीवर थबकला. पुरा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं तसं.

गफूरभाईंनी टेप मागे घेतला आणि लावला.

तिसरी हाक आली.

माझं कडवं नव्हतं.

ढोलकी होती. अभिमननी थांबवलेली ढोलकी टेपात चालूच होती.

मग पाणी पिण्याचा आवाज. घटाघट. श्वास न घेता. फार वेळ. त्या गाण्यात तेवढी जागाच नव्हती.

मग थांबला. आणि मोकळ्या, बरा झालेल्या गळ्यानं म्हणाला,

"तानू."

 गफूरभाईंनी उठून घागर उचलली. दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि तोल जाऊन मागे सरकले, इतकी ती हलकी होती.

चार दिवसांनी धरणगावला गेले. लताबाईनं टेप बंद करून फळीवर टाकला होता. चूल पेटलेली होती, ती भाकरी थापत होती. कुंकू पुसलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकं मी. तुमनंच नाव ली शेवटले."

"लता..."

"भाकर खाई ल्या नि जा."

मी भाकरी खाल्ली. तिनं दोन खाल्ल्या. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पण नंतर तिनं त्याचं मशीन झाडून पुसून पुन्हा सुरू केलं, शेजारणींचे झंपर शिवते, अंगावर मांस धरलं आहे. तिचा राग मला चालतो.

गाणं अजून वाजतं. मुक्ताईनगरच्या यात्रेत वाजलं, लग्नाच्या मांडवात वाजतं. लोक म्हणतात, शेवटी तो नाव घेतो ते काय गोड घेतो. मी ऐकते आणि चालत राहते. घरातल्या पोरीसुनांना सांगून ठेवलंय, मला नावानं हाक मारू नका, जवळ येऊन हात लावा. हाक आली तर मी ओ देत नाही. कुणाचीही असो.

दर आखाजीला आता रुपचंदची घागर आमच्याकडे असते. या वर्षीही होती. कॅसेट लोखंडी पेटीत कुलपात, टेपाचे सेल काढलेले. अभिमन निखाऱ्यापुढे तूप घेऊन बसले होते. ढोलकीनं त्यांचे कान कधीच गेले आहेत, ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही. मी हंड्यानं घागरीत पाणी ओतत होते.

अभिमननी मान वर केली. दाराकडे नाही, घागरीकडे पाहिलं.

"तुले हाक मारी राहिना व," ते म्हणाले.

"मारू द्या," मी म्हटलं, आणि दुसरा हंडा उचलला. तो ओतला. मग तिसरा. घागर भरत नव्हती.