कडी लावून दिलेला पाठ

साहेब, तुम्ही हसलात! वर्गात चाळीस पोरं बसलेली, फळ्यापुढं खडू धरून एक मास्तर उभा, आणि त्याच्या तोंडून 'बेट' म्हणायच्या जागी 'जजीरा' निघालं, एवढ्यावर परीक्षा घ्यायला आलेले तुम्ही खुर्चीत मागं रेलून हसलात. "मास्तर, अजून निजामाचाच पगार खाता का?" असं विचारलंत, आणि तुमच्यामागून पोरंही हसली. ज्याचं सगळं शिक्षण उर्दूत झालं, आठ वर्षं ज्यानं उर्दूतूनच भूगोल शिकवला, त्याला पोलीस ॲक्शननंतर मराठीतून पाठ देऊन दाखव म्हणणं रास्त होतं. पण हसायचा हुकूम तुम्हाला कोणत्या कागदावर मिळाला होता? त्या एका हसण्यानं औरंगपुऱ्यातल्या एका घराचं काय झालं, ते ऐका.

"दार उघडा, जाऊबाई! भरदुपारी कडी कशाला लागते?"

दमयंतीचे तळहात दारावर आदळले, आणि आत प्रमोदिनी झटकन उठली. मधल्या खोलीत तांबे, पातेली, डबे ओळीनं मांडलेले होते. ती वर्गातली पोरं. कोपऱ्यातलं मोठं घंगाळ म्हणजे साहेब. त्या मास्तरानं, श्रीनिवासनं, ती सगळी ओळ घाईघाईनं भिंतीकडं लोटली आणि वहिनीकडं बघून मान हलवली... सांगू नका!

तेराव्या वर्षी ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा हा दीर सहा वर्षांचा, आईवेगळा. तिनंच त्याला भरवलं, निजवलं. कुंकू पुसलं गेलं तेव्हाही, पोटी मूल नसलेली ती बाई याच्याच तोंडाकडं बघून जगली. पहिल्या पाठाला तो नापास होऊन आला, आणि बायकोला म्हणाला, "पास झालो." दमयंतीचे वडील वकील, पक्की नोकरी बघूनच त्यांनी मुलगी दिलेली. दुसरी आणि शेवटची संधी दिवाळीनंतर होती. खरं कळलं तर ते मुलीला घेऊन जातील, या धास्तीनं त्यानं वहिनीला तुळशीचं पान उचलायला लावलं होतं, कोणाला सांगणार नाही म्हणून. तिनं उचललं. तिथंच ती चुकली!

पैठणला तिचे वडील कीर्तन करायचे. उभं राहण्याआधी त्यांचे गुडघे लटलट कापत, हे फक्त त्यांचं उपरणं धरून उभ्या असलेल्या या मुलीला ठाऊक होतं. त्यांच्याकडून शिकलेलं तिनं दिराला रोज दुपारी, सकाळची शाळा सुटून तो जेवला की, शिकवायला घेतलं.

"छातीत धडधडतंय, वहिनी. घसा सुकला."

"धडधडू दे. अंगानं कंबर कसलीय, एवढंच त्याचं म्हणणं. श्वास घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लाव. पाय जमिनीला टेकलेत का बघ. टेकलेत ना? मग पडत नाहीस तू. आता मुद्दाम चूक."

"मुद्दाम?"

"जजीरा म्हण. मोठ्यानं! आणि न थांबता पुढं म्हण, 'म्हणजेच बेट'. आपणहून दहादा चुकलं की चुकीचा धाक मरतो."

"आणि साहेब हसले तर?"

"घंगाळ कधी हसलंय का रे? वाजेल फार तर."

त्यावर तो खळखळून हसला होता, कित्येक महिन्यांनी. आणि तेच हसू बंद दारातून बाहेर गेलं!

प्रमोदिनीनं कडी काढली. दमयंतीनं नवऱ्याचा घामानं भिजलेला सदरा बघितला, जावेच्या डोक्यावरून ढळलेला पदर बघितला. त्या दिवसापासून तिची नजर प्रमोदिनीच्या पाठीवर डास बसावा तशी बसली. ताट वाढताना, अंगण झाडताना, देवापुढं हात जोडतानासुद्धा! विहिरीवर शेजारच्या द्वारकाबाईनं घागर बुडवत सगळ्यांदेखत विचारलं, "विधवा बाईनं कडी लावावी ती चोराच्या भेवानं. दुपारचा कोणता चोर येतो वं बाई? का घरातलाच हाय?" बायका पदरात तोंड लपवून हसल्या. प्रमोदिनीनं घागर उचलली. त्या दिवशी तिला तिचं ओझं कळलंच नाही.

पाठाला चार दिवस राहिले, आणि दमयंती ओसरीवर उभी राहिली. "या घरात एक तर या राहतील, नाही तर मी. आज निकाल लागू द्या!"

प्रमोदिनीनं श्रीनिवासकडं बघितलं. एक शब्द! 'मी नापास झालो होतो, वहिनी मला शिकवत होत्या', एवढंच वाक्य. तिची जीभ शपथेनं बांधलेली. त्याची कोणी बांधली होती? तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. तेव्हा पहिल्यांदा तिच्या अंतःकरणात एक विषारी शंका सळसळली... याला बोलता येत नाही, की बोलायचं नाही? पण आता आपण तोंड उघडलं तर चार दिवसांवर आलेला पाठ गेला, नोकरी गेली, संसार गेला...

"लक्ष्मणाची तब्येत बरी नाही," ती भावाचं नाव घेऊन म्हणाली. "पैठणला जाऊन येते."

टांग्यात बसताना तिनं मागं वळून बघितलं. तो ओसरीवरच होता.

पैठणलाही कलंक तिच्या आधी पोचला होता. भावजय साळूबाई तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "काही घडल्याबिगर कोण हाकलतं का?" लक्ष्मण मान खाली घालून जेवायचा.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या मोटारीनं दोघं आली. दमयंती उंबऱ्यातच कोसळली, प्रमोदिनीचे पाय धरून हमसाहमशी रडली.

"कागद आला, जाऊबाई! 'दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण' लिहिलंय त्यात. दुसऱ्या! मी विचारलं, पहिली खेप कधी झाली? तेव्हा सगळं बाहेर आलं... मी पापीण, मी तुमच्यावर..."

"ऊठ." प्रमोदिनीनं तिला छातीशी धरलं, तिचे विस्कटलेले केस मागं सारले. "बंद दार दिसलं, तू संशय घेतलास. तुझ्या जागी मीही घेतला असता. चल, आधी चूळ भर, चहा घे."

"वहिनी, साहेब या खेपेला हसलेच नाहीत," श्रीनिवास पुढं होऊन म्हणाला. "तुमच्यामुळं... मला क्षमा करा. घरी चला."

"येईन. दमयंतीसाठी येईन." तिचा आवाज चढला नाही, पण साळूबाई हातातलं सूप खाली ठेवून बघत राहिली. "क्षमेचं नंतर बघू. आधी उत्तर दे. भीतीनं तुझी वाचा गेली असती तर मला कळलं असतं. तुझी भीती मी सहा महिने रोज बघितलीय. भ्यालास की तुला घाम फुटतो, ओठ थरथरतात. त्या दिवशी ओसरीवर तुझा सदरा कोरडा होता, श्रीनिवास. तू भ्यालेला नव्हतास. मग माझी अब्रू जात असताना तू गप्प का बसलास? माझ्याकडं बघ, आणि सांग!"