चंदाच्या अंगातला देव

त्या दिवशी दुपारी मी पळसाची पानं तोडाले गेली होती. लाकडाचा ठेकेदार जेवाले येनार होता, त्याच्यासाठी पत्रावळी लावाच्या होत्या. बस, एवढंच काम. वडशाकडचं आमचं गाव, चैताचं ऊन, कुत्रंही बाहेर नव्हतं. घरी येऊन पाहते तं आमचे हे पोरीले समोर बसवून घुमाले शिकवून राह्यले होते.

चंदा माझी एकुलती एक, बारा वर्षांची. केस मोकळे सोडून मान फिरवे, न मधीच तिले हासू ये. हे दटावत, हासू नको, शिकवलं तेवढं पाठ कर.

गावाच्या शिवेवर आमचा वाघदेव होता. म्हाताऱ्या ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, न भवताल देवाचं रान. तिथली काडीही कोणी तोडे नाई. ठेकेदाराले तीच झाडं पायजे होती. देवानंच जागा सोडली तं गाव काय म्हणनार? रोज सकाळी टाळ कुटनारा माणूस, न डोकं हे असं चालवे. मी काऊन आडवी आली नाई, विचार ना. यायनं मले सोन्याच्या पाटल्या कबूल केल्या होत्या. आग लागो त्या पाटल्याले. पोरीचे केस मीच विस्कटून दिले.

गाव जमलं. चंदा घुमली, पाठ केलेलं बोलली, "मले इथी राहाचं नाई. गुणवंतरावाच्या घरी ने." गुणवंतराव म्हणजे आमचे हेच. बाया तिच्या पाया पडल्या. देवाची पूजा करनारा झिंगू, जंगलातला गोंड म्हातारा, तेवढा उभाच राह्यला. आमच्याकडची रीत अशी, का अंगात आलेल्याले शेवटी त्या ऐनाले हात लावाले नेत, मंग देव झाडात परत जाये. झिंगू मले बाजूले घेऊन म्हणाला, "बाई, झाड तोडलं तं देव परत कुठी जाईन?"

खरा आला असन तं ना, मी मनात म्हटलं.

दगड आमच्या घरी आला. आठ दिवसांत शीव बोडखी झाली. ऐन सगळ्यात शेवटी पडला.

मंग यायले नदीकाठचे बांबूही दिसाले लागले. पुन्हा गाव जमवलं, पुन्हा चंदाले बसवलं. तिनं मान फिरवली न मले वास आला. ओल्या जनावराचा, कच्च्या मांसाचा... गोठ्यातले बैल दावं तोडून पळाले. शिकवलेलं ती बोललीच नाई. घशातून घरघर निघत होती, भिताडाची माती झडे इतकी जड.

"पुरं कर, चंदा," हे तिच्या कानाशी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. मी जन्म दिलेली पोर, पण त्या डोळ्यात माझी ओळख नव्हती.

"आलो," ती म्हणाली. "आता जाऊ कुठी...?"

मी तिले उचलून शिवेकडे पळाली. ऐनाच्या खोडक्यावर तिचे हात दाबून धरले, रडली, नाक घासलं. काई झालं नाई. लाकूड वाळून गेलं होतं.

याले सात वर्षं झाली. ती जेवते, चालते, एकोणीसची झाली. मले आई म्हणून एकदाही हाक मारली नाई. ती सांगते ते खरं होते, म्हणून चिमूर-राजुऱ्याहून लोक येतात, धान, बकरे, चांदी ठेवून जातात. यायचं घर भरलं. माझ्या पाटल्या आल्या, त्या मी विहिरीत टाकल्या.

मागच्या महिन्यात भर दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. बाहेरून आवाज आला.

"आई... दार उघड ना. पाय पोळून राह्यले."

माझी चंदा. सात वर्षांत आवाज तसूभर मोठा झाला नव्हता. समोर बसलेली मात्र भात कालवत राह्यली. मी कडीकडे धावली तं हे आडवे झाले. यायनंही आवाज ओळखला होता, डोळ्यातून पाणी गळत होतं माणसाच्या.

"उघडू नको," म्हणाले. "ती आत आली तं देव जाईन... मंग आपल्या दारी कोन येईन?"

तवापासून रोज दुपारी दार वाजते न हे दाराले पाठ लावून जप करत बसतात. काल मी मागच्या दारानं धावत गेली. अंगणात कोणी नव्हतं. धुळीत पावलं होती, शिवेकडून घराकडे येनारी. पहिलं पाऊल बारा वर्षांच्या पोरीचं होतं. पुढचं एकेक लहान होत आलं होतं. उंबरठ्याजवळचं शेवटचं तं माझ्या अंगठ्याएवढं होतं. दारापर्यंत येईस्तोर माझी पोर सरूनच जात होती.