मुळं छताकडे

"आत्याचं नाव संग्रहालयातल्या पाटीवरून खोडलंय," लंबू दारातूनच म्हणाला, आणि सुट्टीचे सगळे बेत तिथंच गुंडाळले गेले.

आत्या पाय मोडून पलंगावर पडली होती. पाय मोडला तोही वीटभट्टीच्या मातीच्या खाणीत, चिखलाचा जुना थर अखंड कापून काढताना. त्या थरात हिमयुगातली पानं होती. खाली नखाएवढी, गोठलेल्या जमिनीला चिकटून जगणाऱ्या झुडपांची. वर तळहाताएवढी, उंच झाडांची. म्हणजे आधी कडाक्याची थंडी, मग ऊब, मग जंगल. हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता संग्रहालयाचे साहेब म्हणत होते, थर नेमका उलटं सांगतो, बाईंचं चुकलं. आणि तो थर मांडलेल्या दालनाचं उद्घाटन संध्याकाळवर आलं होतं.

"आत्या चुकणारच नाही," लंबूची धाकटी बहीण भिंगरी फणकारली.

"मीही चुकते गं. जाऊन बघा. पण कोरडी माती काही दाखवत नाही, माझा पाण्याचा फवारा घेऊन जा."

शेजारची टकळीही निघाली. तिला मागे ठेवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

दालनात पाहुणे जमू लागले होते. थर चकचकीत चौकटीत उभा होता. खरंच, मोठी पानं खाली, बारकी वर. लंबूचं तोंड एवढंसं झालं. टकळीनं मात्र साहेबांना गाठलं आणि त्यांच्या कोटाची अशी तारीफ सुरू केली की त्यांची पाठ थराकडे वळली ती वळलीच. भिंगरीनं फवारा मारला.

माती काळवंडली. तळाशी एका झाडाचा बुंधा उमटला, आणि त्याची मुळं, बोटं पसरावीत तशी, छताकडे गेलेली.

"दादा, हे झाड डोक्यावर उभं आहे!"

साहेब धावत आले. कुणाची पोरं ही, हाकला त्यांना, असं बरंच काही बोलले. भिंगरी जागची हलली नाही.

"साहेब, तुमच्याकडे झाडं मुळं वर करून वाढतात?"

पाहुण्यांत कुणीतरी खुदकन हसलं. चौकट बसवणाऱ्या सुतारकाकांनी मग सांगूनच टाकलं. आत्यानं खडूनं 'वर' असा बाण काढला होता. साहेबांनीच तो घाण दिसतो म्हणून पुसायला लावला आणि रुंद बाजू भारदस्त दिसते म्हणून खाली घ्यायला लावली. खाणीत कधी पाय न ठेवलेला माणूस पाय मोडलेल्या बाईला चुकीची ठरवत होता, आणि आतापर्यंत कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

थर सुलटा झाला. पाटीवर नाव परत आलं. आत्याला खुर्चीत बसवून आणलं, तेव्हा साहेब बूट न्याहाळत होते.

"फवारा कुणी मारला?" आत्यानं विचारलं.

भिंगरी पुढे झाली. आत्यानं सगळ्यांदेखत तिच्या हातात खडू ठेवला.

"ही माझी भाची," ती पाहुण्यांना म्हणाली. "बाण आता ती काढेल."

भिंगरीनं चौकटीवर बाण काढला. चांगला जाड, लांबून दिसेल असा.