ग्राहक आहात तोवर नाही

दुकानात शिरलेल्या त्या माणसाने पहिला नमस्कार केला तो आरशाला. आरसा काही बोलेना, म्हणून दुसरा केला फ्रेम अडकवलेल्या प्लास्टिकच्या मुंडक्याला. तिसरा मात्र चष्मेवालीच्या दिशेने आला, तोही जरा डावीकडेच पडला.

"चष्म्यावर बसलो," तो म्हणाला आणि दोन तुकडे काउंटरवर ठेवले. "स्वतःच्याच. दुसऱ्याचा असता तर निदान कुणी रागावलं तरी असतं."

चष्मेवालीचा हात जागच्या जागी थांबला. माणूस अनोळखी होता, पण आवाज... तो आवाज तिने पाठ केला होता. गेल्या हिवाळ्यात तिची आई आणि मावशी फिरायला गेल्या, येताना धुकं असं दाटलं की म्हणे पक्षीसुद्धा पायी चालत होते. विमान रद्द. दोघी परक्या विमानतळावर, आईचा गुडघा सुजलेला, मावशीच्या फोनची बॅटरी संपत आलेली. तेव्हा हा आवाज दिवसभर इकडून तिकडे फोन करत होता आणि मधूनमधून हिला सांगत होता, "घाबरू नका, मी बघतोय. तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या." ती खरंच जेवली होती. दोघी सुखरूप घरी आल्या, पण पोहून आल्यावर कानात पाणी राहावं तसा तो आवाज हिच्या कानात राहून गेला होता.

"तुम्ही... तिकीटवाले ना?"

त्याने डोळे बारीक केले. "आणि तुम्ही डाव्या गुडघ्याची मुलगी."

"काय?"

"म्हणजे, डावा गुडघा दुखतो त्या काकूंची. कसा आहे आता गुडघा? आणि त्या मावशी? अजून बोलतायत?"

"झोपेतसुद्धा," ती म्हणाली आणि उगाचच चिमटा शोधायला खाली वाकली. चिमटा हातातच होता.

दांडी बसली, काचा पुसून झाल्या. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला... आता दिसायला लागल्यावर माणूस बघणारच, पण एवढा वेळ?

"नीट दिसतंय?"

"जास्तच नीट. किती झाले?"

"काही नाही. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत—"

"नाही नाही," तो दचकलाच. "मी ग्राहकांकडून काही घेत नाही. नियम आहे माझा."

"अहो, इथे ग्राहक तुम्ही आहात."

"इथे मी. पण माझ्याकडे तुम्ही." आणि त्याने नियमाची जन्मकथा सांगितली. कुणा प्रवाशाने प्रेमाने स्वेटर दिला होता. याने घेतला. पुढे वर्षभर तो प्रवासी हक्काने फोन करायचा, या रांगेत उभा राहू की त्या, छत्री घेऊ की नको, विमानात शेजारी बसलाय तो घोरतोय, तुम्ही काही करू शकता का. "स्वेटर अंगात, नाही म्हणायला तोंड नाही. घेतलं की माणूस मिंधा होतो बघा."

आणि पैसे घ्यायला ती तयार होईना, तसा चष्मा काढून काउंटरवर ठेवून तो चालू लागला. सरळ आरशाकडे. कपाळाला टेंगूळ येण्याआधी तिने हाक मारली आणि मुकाट्याने पैसे घेतले. असा हट्टी माणूस तिने एकच पाहिला होता, आणि तिला ती मावशी म्हणायची.

त्या दिवशी घरात नसता विषय निघाला.

"त्याला काहीतरी द्यायला हवं," आई म्हणाली. "उपकार डोक्यावर घेऊन मी बसणार नाही."

"उपकार कसले? त्याचं कामच ते," मावशी म्हणाली.

"काम तिकीट काढायचं. धुकं काढायचं नाही."

"देशील बापडी, पण जपून. लग्न न झालेल्या माणसाला भेट दिली की त्याला वाटतं, यांच्याकडे मुलगी आहे."

"आहेच की," आई म्हणाली.

"मी इथेच बसलेय," चष्मेवाली म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आईने भेट म्हणून काढलं ते भिंतीवरचं घड्याळ. त्यातून तासाला एक लाकडी पक्षी बाहेर यायचा आणि असा ओरडायचा की शेजारच्या गल्लीतली माणसं कामावर निघायची. घड्याळ गेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आलं. इमारतीची लिफ्ट त्या महिन्यात बंद होती, तरी तिकीटवाला स्वतः ते छातीशी धरून चार मजले चढून आला. लाजून, घामाघूम होऊन म्हणाला, "काकू, फार सुंदर आहे. पण नियम..." आईने त्याला बसवलं, चहा दिला. चहा नियमात बसतो का, हे त्याने विचारलं नाही. तेवढं व्यवहारज्ञान त्याला होतं.

मग मावशी इरेला पेटली. तिने मफलर विणायला घेतला आणि रागारागात विणत सुटली. एक टोक तिच्या मांडीवर होतं तेव्हा दुसरं जिना उतरून पोस्टमनच्या पायात अडकलं होतं. तो मफलरही गेला आणि आला. पुन्हा चहा. या वेळी आईने मुद्दाम कप भरून दिला आणि दोघी बहिणींना एकाच वेळी गॅलरीतले कपडे आठवले.

खोलीत दोघंच राहिली. पंखा कुरकुरत होता. तो चहा फुंकत होता. चहा केव्हाच निवला होता.

"तुम्हाला परत करायची हौसच आहे," ती म्हणाली.

"हौस नाही. जिने चार आहेत."

"मग कुणाच्या हाती पाठवायचं."

"पाठवता आलं असतं," तो कपात बघत म्हणाला. "पण मग... चहा मिळाला नसता."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तिला राग आला होता, तोही खरा. हा माणूस जिने चढून येतो, गुडघ्याची चौकशी करतो, तिच्याकडे असा बघतो की बटणं उलटी लागलीत का ते तपासावं लागतं, आणि 'ग्राहक' या शब्दाचं कुंपण घालून पलीकडे उभा राहतो. इतके दिवस तिला एकच हवं होतं, या माणसाने तिला ग्राहक म्हणणं थांबवावं.

"म्हणजे आमच्याकडून तुम्ही कधीच काही घेणार नाही?"

तो दारात थांबला. चपलेत पाय घालायचं विसरला.

"ग्राहक आहात तोवर... नाही," तो म्हणाला. हळू, एकेक शब्द खाली ठेवावा तसा.

तो गेला. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढं सोपं होतं तर!

आई आणि मावशीला उन्हाळ्यात डोंगरावर जायचं होतंच. चष्मेवालीने दोघींना घेतलं आणि थेट तिकीटवाल्याच्या ऑफिससमोरच्या दुसऱ्या एजंटाकडे गेली. या समोरच्याची कीर्ती मोठी होती. त्याने पाठवलेला माणूस पोचायचा नक्की, पण कुठे, ते देवालाही आधी सांगता यायचं नाही.

"इथे का?" आईने विचारलं.

"स्वस्त पडतं."

"खोटं बोलताना तुझं नाक लाल होतं," मावशी म्हणाली. पण आत गेली.

बुकिंग झालं. बाहेर येताना चष्मेवालीने मुद्दाम रस्त्यापलीकडे पाहिलं. काचेमागे तिकीटवाला उभा होता, कानाला फोन, आणि या तिघींकडे बघत होता. ती हसली. आता कळलं असेल शहाण्याला. आता येईल.

तो आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. दांडी सैल झाली, काच सुटली, काहीतरी निमित्त... नाही. शेवटी तीच त्याच्या ऑफिसात गेली. भिंतीवर समुद्राची चित्रं, टेबलावर पासपोर्टांची चळत, आणि चळतीमागे एक उतरलेला चेहरा.

"या. बसा," तो म्हणाला. 'या' म्हणण्यात 'का आलात' होतं. "काय चुकलं माझं, तेवढं सांगा. धुकं माझ्या हातात नव्हतं."

"चुकलं? तुमचं?"

"तुम्ही समोर गेलात. जा, हरकत नाही. पण काकूंचा गुडघा त्याला माहीत आहे का? खालच्या मजल्यावरची खोली लागते, हे त्याला सांगितलंत?"

ती बघत राहिली. याला काहीच कळलं नव्हतं. स्वतःच कोडं घातलं, तिने बिचारीने सोडवलं, आणि हा गुडघ्याचं घेऊन बसला होता. सांगावं का? 'तुमच्यासाठीच सोडलं तुम्हाला' — हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तिनेच का म्हणून?

"तुमचा नंबर तपासून घ्या," ती उठत म्हणाली. "समोरचं दिसत नाहीये तुम्हाला."

"चष्मा तर तुम्हीच नीट करून दिलात की."

तिने दार जरा जोरात लावलं. भिंतीवरचे समुद्र हलले.

आई आणि मावशी डोंगरावर गेल्या. पोचल्या त्या दुपारी चष्मेवाली एका आजोबांना अक्षरं वाचायला लावत होती, तेवढ्यात मावशीचा फोन.

"सगळं ठीक आहे आता," मावशी म्हणाली. मावशी 'आता' म्हणाली की आधी काय झालं ते विचारायचं असतं. "समोरच्याने खोली दिली ती थेट ढगात. लिफ्ट नाही. तुझी आई पहिल्या पायरीवर बसली ती उठेचना. मॅनेजर म्हणतो, दुसरी खोली नाही. मग मी लावला फोन."

"कुणाला?"

"आणि कुणाला? मला एकच नंबर पाठ आहे. त्याने तासाभरात शेजारच्या हॉटेलात तळमजला मिळवला, वर गाडी पाठवली. खिडकीतून बाग दिसते. गुणी आहे गं. तू त्याला कशाला सोडलंस?"

"मावशी, ठेव फोन."

"नाक लाल झालं असेल तुझं."

आजोबांना अर्ध्या ओळीवर सोडून चष्मेवाली निघाली. रस्ता कसा ओलांडला तिला आठवत नाही. हॉर्न वाजले एवढं खरं. तिकीटवाला टेबलाशी होता आणि तिला बघून उभा राहिला.

"तळमजला मिळाला," तो घाईने म्हणाला. "काकू चहा पितायत. काळजी—"

"कोण म्हणून केलंत हे?"

"म्हणजे?"

"आमचे एजंट तुम्ही नाही. समोरचे आहेत. आम्ही तुमचे ग्राहक नाही. मग तासभर फोनवर कोण म्हणून बसलात?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पासपोर्टांची चळत नीट केली, ती आणखी वाकडी झाली.

"ग्राहक नाही..." तो स्वतःशीच म्हणाला. मग फार सावकाश, लांबच्या गावाहून चालत यावं तसं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. "म्हणून... म्हणून गेला होतात समोर?"

"वा. उगवला सूर्य."

"मी तेव्हा दारात म्हणालो—"

"तुम्हीच म्हणालात."

"मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही. आणि नंतर वाटलं, कळलं आणि आवडलं नाही."

"अहो, मी सख्ख्या आईला त्या माणसाच्या हवाली केलं," ती म्हणाली. आवाज चिडका होता, डोळे भरले होते. "याहून स्पष्ट कसं सांगतात?"

तो टेबलाला वळसा घालून पुढे आला. मधे खुर्ची होती, तिला अडखळला. सावरताना तिचा हात धरला आणि मग सोडायचं कारण सापडेना.

"कोण म्हणून ते..." तो म्हणाला. "मावशींचा फोन आला तेव्हा मी 'एजंट बोलतोय' म्हणालोच नाही. 'मी आहे' एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, माहीत आहे रे, बोल."

फोन वाजला, वाजून थांबला.

"आता काही दिलं तर घ्याल?" तिने विचारलं.

"घेईन. काय आणलंय?"

"काही नाही. तशीच धावत आलेय."

"चालेल," तो म्हणाला. "हेच चालेल."

तिला हसू आलं, पण अजून रुसवा पुरता गेला नव्हता. "मला कुठेतरी न्या. लांब. निदान तेवढं तरी येतं ना तुम्हाला?"

त्याचा चेहरा पडला. "तिकीट मी नाही काढणार. तुम्ही परत माझ्या ग्राहक व्हाल."

तिने कपाळावर हात मारला. मग काचेतून रस्त्यापलीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. समोरचा एजंट दारात उभा राहून जांभई देत होता.

"त्याच्याकडून?" ती म्हणाली. "अहो, भलतीकडेच पाठवेल तो. परतीचं तिकीट काढायचंसुद्धा विसरेल."

"विसरू दे," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून रस्ता ओलांडला.