काळं छत

या निरोपसमारंभातून फोटोग्राफरच्या पदरात बरंच पडण्यासारखं होतं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी शब्द दिला होता, की आजचे फोटो जमले तर वर्षभराचे कार्यक्रम तुमचेच. ज्यांचा निरोप होता त्यांच्या मुलीने मात्र त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती – बाबांचा चेहरा. तोही गालांवर मांस आहे तोवर. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. हे बाबांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि घरात दोघं औषधाच्या वेळांपलीकडे काही बोलत नव्हते.

बाबा म्हणजे दिवेमामा. चाळीस वर्षं त्यांनी या नाट्यगृहाचे दिवे सांभाळले. दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडणारा माणूस स्वतः कायम दिव्यामागे, त्यामुळे त्यांचा धड एक फोटो नव्हता. ओळखपत्रावर होता, त्यात ते कुणाला तरी जामीन राहिल्यासारखे दिसत. घरी कुणी मोबाइल उचलला की ते तळहात आडवा धरत. मुलीच्या मोबाइलमध्ये बाबांचे सव्वीस तळहात होते.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी तीनचा. रंगमंचावर संध्याकाळच्या नाटकाचा दिवाणखाना मांडून ठेवलेला, म्हणून दिवेमामांची खुर्ची पहिल्या रांगेपुढे. प्रेक्षागृहातले पिवळे दिवे जेमतेम. फोटोग्राफरने सवयीने कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची मान वर केली. उजेड छतावर आपटतो, मऊ होऊन खाली येतो, चेहरे गोड दिसतात – आजवरची त्याची सगळी पुण्याई एवढीच. त्याने बटण दाबलं. फोटोत दोन चष्मे आणि एक दात चमकत होता, बाकी कोळसा. फ्लॅशचा जोर वाढवला. तीन दात दिसले.

“छताला काय दाखवताय एवढं?” मागून मुलगी म्हणाली. “ते काळं आहे, आणि तीस फूट उंच. तुमचा उजेड वर जातो आणि तिथंच घरजावई होऊन राहतो.”

काळं कुणी केलं, हे त्याने जरा चिडूनच विचारलं. तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. नाटकातल्या अंधारात वरून उजेड परतायला नको, म्हणून दिवेमामांनीच हट्टाने ते रंगवून घेतलं होतं.

मग त्याने फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला आणि पिशवीतून आणखी एक काढला. एक स्टँडवर, दिवेमामांच्या पाठीमागे – केस आणि खांदे अंधारातून सुटे व्हावेत म्हणून. दुसरा लांब काठीच्या टोकाला, तिरपा, खिडकीतून ऊन यावं तसा. पण काठी धरायला माणूस हवा होता.

“धरता का... जरा?”

“जरा नाही. नीट धरीन.”

“थोडं डावीकडे.”

“माझ्या की तुमच्या?”

“तुम्ही म्हणाल त्या.”

“मग फोटोही मीच काढते की.” ती हसली. “आणि हो... बाबा तिकडे बसलेत. मी फोटोत नाहीये.”

त्याचे कान तापले. त्या अंधारात ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं. पण उजेड कुठे पडतो हे बघण्यात ज्याची हयात गेली, त्याला नजर कुठे पडते हेही कळतं. दिवेमामा हळूच उठले.

“ठिणगे,” ते लेकीला म्हणाले, “काठी अशी धरतात होय? दे इकडे. बस माझ्या जागी, बघ कसा पडतो ते.”

ती बसली. धडा संपला की बाबा परत खुर्चीवर येतील, असंच तिने धरलं होतं. दिवेमामा फोटोग्राफरच्या कानाशी काहीतरी बोलले, मग दोन्ही हातांनी काठी उचलली. तिने वर बाबांकडे पाहिलं – आणि तेवढा एक क्षण डॉक्टर विसरली. त्याने बटण दाबलं.

त्यानंतर खोकला आला, तो थांबेना. दिवेमामांना मेकअपच्या खोलीत नेलं, तिथून घरी. खुर्ची रिकामीच राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने फोन केला. बाबांचा एकही फोटो नीट आला नाही, असं तो म्हणाला. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. ती म्हणाली, “एक चेहरा मागितला होता हो तुमच्याकडे,” आणि फोन ठेवला. त्याने घरी यायची परवानगी मागितली, तेव्हा दिवेमामांनीच निरोप धाडला – आता या तोंडाचा नको.

सातव्या आठवड्यात ते गेले.

दहा-बारा दिवसांनी ती त्याच्या स्टुडिओत आली. ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून द्या म्हणाली, आवाज कोरडा ठेवून. त्याने खणातून एक मोठा फोटो काढून टेबलावर ठेवला.

फोटोत ती होती. इतक्या मायेने उजळलेली, की तिने स्वतःला तसं कधी पाहिलं नव्हतं. कडेला, अंधाराच्या सीमेवर, काठीवर आवळलेले दोन हात. पलीकडे काही नाही.

“त्यांना परत बसवता आलं असतं,” ती म्हणाली.

“आलं असतं.”

“मग?”

“ते म्हणाले, हिचा घे, मी दिवा धरलाय तोवर. आणि मी ऐकलं. पण त्यांचा मान राखायला नाही... मला तुझाच काढायचा होता. मला माफ नको करूस, पण हे तुला माहीत असू दे.”

त्याच्या तोंडून ‘तुझाच’ गेलं, हे दोघांच्याही लक्षात आलं. तिने त्या हातांवर बोट फिरवलं. “सत्तावीस,” ती पुटपुटली. मग म्हणाली, “दिवा मालवशील?”

त्याने मालवला. अंधारात ती बराच वेळ रडली, आणि तिने हात पुढे केला तेव्हा तो जागेवरच होता.

त्या एका फोटोवर नाट्यगृहाचं वर्षभराचं काम फोटोग्राफरला मिळालं, आणि वर्ष संपायच्या आत काठी धरणारीही मिळाली. ती अजून भांडते, डावं कुणाचं यावरून. तिच्या घराच्या भिंतीवर तिचा स्वतःचा फोटो लागला, ज्याला ती बाबांचा फोटो म्हणते. छत काळंच आहे. या सगळ्यात दोघांच्या वाट्याला काही ना काही आलं. त्याची किंमत दिवेमामांनी एकट्याने मोजली – स्वतःचा चेहरा देऊन.