उरलेले पाच शेक

नांदेडच्या त्या दवाखान्यात रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. शेक म्हणतात. बाकावर बसल्या बसल्या एकमेकांना विचारतात, "तुमचे किती झाले?" शेषेरावांच्या घशाचे तीस झाले होते, पाच उरले होते. आवाज पार बसला होता, भाकर गिळत नव्हती. पण गाठ विरत चालली होती. त्यावरच त्यांच्या बायकोचा, सिंधुचा जीव टांगलेला होता.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रोज थोडा, रोज वेळेवर. चांगलं मांस रात्रीतून सावरतं. रोगाला सावरायला सवड द्यायची नाही. आणि बुडालेले शेक एकदम देता येत नाहीत."

पण लोह्याच्या घरून सासूनं, सरजाबाईनं, फोनवर हट्टच धरला. रेणुकेला नवस बोललेला होता : पाच दिवस माहूरला राहायचं, रोज गड चढायचा. म्हातारीपुढं कुणाचं चाललंय? शिवाय देवीला नाही म्हणायची सिंधुचीही छाती झाली नाही. नवराबायको सोमवारीच निघून गेले.

पुढच्या सोमवारी परतले, तर मशीनवरचा वीरण्णा बघतच राहिला.

"मामा, आता कशाला आलात? शुक्रवारी शेवटचा दिला की."

"आम्ही माहूरला होतो," सिंधु म्हणाली.

वीरण्णा हसला. मग हसायचा थांबला.

"ताई, पाचही दिवस मीच झोपवलं यांना. मास्क मीच बसवला."

डोकं हलू नये म्हणून प्रत्येकाच्या तोंडावर जाळीदार प्लास्टिकचा साचा घेतात. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. वीरण्णानं शेषेरावांचा आणून त्यांच्या तोंडावर दाबला. गळ्याशी तो बोटभर अडला.

डॉक्टरांनी मान चाचपली. गाठ पुन्हा वाढली होती.

"शेक पुरे झालेत. आता एक जरी दिला तरी चांगलं मांस जळेल."

"यांना दिलेच न्हाईत ओ साहेब! कुणाला दिले तुमी?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बाहेरच्या बाकावर सिंधुला सासूचा राग आला, देवीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तेवढ्यात फोन वाजला. सरजाबाई होत्या.

"अगं, हायस कुठं? शेषू कवाचा घरी आलाय. दोन भाकरी खाल्ल्या, लई हसून राहिलाय. पावली गं माय!"

सिंधुनं शेजारी पाहिलं. शेषेराव शेजारीच होते.

फोनमध्ये म्हातारीच्या मागून शेषेरावांचा आवाज आला. दुखण्याआधीचा, खणखणीत. "सिंधुला म्हणावं, सावकाश ये."

शेषेरावांनी ऐकलं. फोन तिच्या हातातून घेतला, कानाला लावला. तोंड उघडलं. नुसता वारा निघाला.

पलीकडून त्यांच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "कोण बोलतंय?"