शेवटच्याच्या मागचा

"अगं आई गं… मेले!"

हे मी बोलले होते. सायकल खांद्यावर, पाय घोट्यापर्यंत चिखलात, घरापासून विमानाने अकरा तासांवरच्या एका जंगलात. तिथे आपली भाषा कळणारं कोणी असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, म्हणून चांगलं मोकळ्या गळ्याने बोलले.

"एवढ्यात नका मरू," मागून आवाज आला. "अजून धावायचं बाकी आहे."

वळून पाहिलं तर एक उंच माणूस झाडाला बांधलेली नारिंगी फीत सोडत होता. फीत त्याने नीट गुंडाळली आणि पाठीवरच्या पोत्यात टाकली.

"तुम्ही कोण?"

"शेपूट."

"काय?"

"शेवटच्या स्पर्धकाच्या मागे राहायचं, वाट दाखवणाऱ्या फिती काढत यायचं, कोणी हरवलं नाही ना ते बघायचं. त्याला इथे शेपूट म्हणतात." तो थांबला. "म्हणजे… तुम्ही शेवटच्या आहात हे तुम्हाला माहीत नसेल, तर माफ करा."

माहीत होतं. मला पोहताना तळ्यातल्या शेवटच्या तरंगत्या बोयापाशीच ते कळलं होतं.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, त्यावर मी मेणात दात बसवते. दिवसभर खुर्चीत, भिंगाखाली. त्यामुळे असेल, पण तळ्यात पोहा, जंगलातून सायकल हाणा आणि मग डोंगरावर धावा, असला प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं सराव केला आणि परदेशातल्या शर्यतीत नाव घातलं. आईने कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, "शेवटचं यायला एवढ्या लांब जायचं? इथे काय जागा कमी आहे?" मी म्हटलं, पूर्ण करून येते, मग बोल.

तर पूर्ण करायचं होतं. बस, एवढंच. सायकल चार तासांच्या आत संपवायची, सगळं मिळून सहा तासांच्या आत. सायकलीच्या शेवटी मी पोहोचले तेव्हा चार तास आणि चार मिनिटं झाली होती.

"चार मिनिटं!" मी म्हटलं. "चार मिनिटांनी कोणाचं काय बिघडतंय?"

"कोणाचंच नाही," तो म्हणाला. "पाय पुढे करा."

घोट्याला वेळ मोजणारी चीप बांधलेली असते. ती काढून घ्यायचं काम शेपटाचं. माझ्यासमोर गुडघा टेकून बसलेला तो पहिला पुरुष, आणि बसला कशाला, तर मला बाद करायला. त्याने पट्टा इतका हळू सोडला की मला रडू आलं. मग राग आला. मग त्याने खिशातून एक नारिंगी फीत काढून माझ्या हातात दिली. "ही तुम्ही ओलांडलेली शेवटची. पुढच्या वर्षी हिच्यापुढे जा."

"तुम्हाला काय, तुम्ही मागे मागे यायचं काम करता."

"खरं आहे," तो म्हणाला, आणि हसला. मला ते हसणं आवडलं नाही. म्हणजे, आवडलं. विमानात अकरा तास मी दुसरं काही आठवायचा प्रयत्न करत होते.

मग वर्षभर फोनवर त्याचे निरोप येत राहिले. 'एकशे अठ्ठावीस, आज पोहलात का?' हा माझा शर्यतीतला नंबर. तो नोकरीसाठी तिकडे गेलेला, पुलांची तपासणी करायचा. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, कुठे भेग आहे का बघायचा. मी विचारलं, पूल पडायला आलाय हे कळतं कसं? तो म्हणाला, खूप वेळ शांत उभं राहावं लागतं, बहुतेकांना तेच जमत नाही. मी त्याला सांगितलं की मलाही एका दाताच्या मागे तास तास घालवावा लागतो. हे काही प्रेमाचं बोलणं नव्हे. पण वहिनी म्हणायची, "फोन वाजला की तुझा मेणातला दात वाकडा बसतो, बघ."

दुसऱ्या वर्षी तो सुरुवातीच्या रेषेपाशी भेटला. तेच पोतं, रिकामं.

"आज आपली भेट होऊ नये," तो म्हणाला.

"किती गोड बोलता हो!"

"म्हणजे… शर्यतीत."

"आणि शर्यतीनंतर?"

त्याने तोंड उघडलं आणि भोंगा वाजला. चारशे माणसं पाण्यात धावली, त्यांत मीही.

पोहणं छान झालं. सायकलही छान चालली होती, आणि विसाव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. एकामागून एक सगळे पुढे निघून गेले. मी टायर काढत असताना झाडीतून तो सायकलवर आला. फीत सोडली, पोत्यात टाकली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. बाहेरच्या माणसाने मदत केली तर स्पर्धक बाद होतो. त्याच्या मुठी वळलेल्या मला दिसत होत्या.

"काहीतरी बोला तरी."

"बोलणंही मदतीत धरतात कधीकधी."

"मग निदान असे बघू नका."

"कसं बघतोय?"

"पुलाकडे बघितल्यासारखं."

तो मोठ्याने हसला. मी नवी ट्यूब बसवली. दात बसवणाऱ्या बोटांना ट्यूब काय जड आहे? सायकल संपली तेव्हा चार तासांना दोन मिनिटं कमी होती. तो मागून ओरडला, "झालं! झालं!" हे मदतीत धरतात की नाही, कोणास ठाऊक.

मग धावणं. त्यानेही सायकल टाकली आणि दहा पावलं अंतर ठेवून मागे धावायला लागला. फिती सुटल्याचा आवाज तेवढा यायचा. खरं सांगते, पाय दुखत होते, नखं गेली होती, आणि तरी इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

सातव्या किलोमीटरला पुढे एक पाठ दिसली. टपालखात्यातून निवृत्त झालेले आजोबा, काठी टेकल्यासारखे एकेक पाऊल टाकत होते. त्यांना ओलांडलं की शेवटचे ते. आणि मागचा माणूस त्यांचा.

माझे पाय हळू झाले. अगदी जाणूनबुजून, लपवत नाही.

"एकशे अठ्ठावीस," तो म्हणाला. "घड्याळ बघा."

"बघितलं."

"मग जा ना!"

"एवढी घाई झालीय मला घालवायची?"

तो दहा पावलांचं अंतर मोडून जवळ आला. घामाने डबडबलेला, धापा टाकत. "वर्षभर मी तुमची वाट बघितली," तो म्हणाला, "ती तुम्हाला परत बाद करायला नाही. जा!"

मी गेले. आजोबांनी बाजूला होऊन टाळ्या वाजवल्या. पुढचे तीन किलोमीटर मागे कोणी नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. पाच तास एकावन्न मिनिटांनी मी कमानीखालून गेले. कोणीतरी गळ्यात पदक घातलं. दादाला फोटो पाठवला. मग काय करावं ते सुचेना.

लोक सायकली गाड्यांवर चढवून निघाले. टेबलं मिटली. सहा तास झाले तशी कमानीतली हवा सोडली. मी दोन कप सूप घेतलं, वर बशा झाकल्या आणि गवतावर बसून राहिले. बावीस मिनिटांनी आजोबा आले. त्यांचं नाव यादीत जाणार नव्हतं, तरी त्यांची मुलगी धावत जाऊन गळ्यात पडली. त्यांच्या मागून तो आला, पोतं गच्च भरलेलं.

"अजून इथेच?"

"किती वर्षं शेपूट आहात?"

"सहा."

"कधी कोणी थांबलं होतं?"

"थांबतात की. शेवटच्यासाठी कोणी ना कोणी थांबतंच."

"त्याच्या मागच्यासाठी?"

त्याने पोतं खाली ठेवलं.

"पाय पुढे करा," मी म्हटलं.

शेपटालाही चीप असते, तो कुठे आहे ते कळायला. मी गुडघा टेकला आणि पट्टा सोडला. हळू, त्याने सोडला होता तसा. मग उठायला गेले, तर मांड्यांनी साफ नकार दिला.

"हात द्या ना."

"मदत चालत नाही."

"शर्यत संपली आता!"

त्याने हात दिला. मी उभी राहिले, आणि हात तसाच राहिला.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "पण पुढच्या वर्षी शेवटची येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"मग भेट कशी व्हायची?"

"ते तुम्ही बघा."

तो बराच वेळ शांत उभा राहिला. त्याला ते जमतं.

"तुझ्या गावात पूल आहे का गं?"

"आहे एक."

"कसा आहे?"

"ठणठणीत आहे," मी म्हटलं. "पण नीट तपासायला महिना तरी लागेल."

मग आम्ही सूप प्यायलो. ते पार गार झालं होतं.